मोबाइलवरची शेतमोजणी: उपग्रह बरोबर, गुंठा चुकतो

जमीन मोजायची मोबाइल ॲप आता वाळव्यापासून फलटणपर्यंत बहुतेक रोटरवाल्यांच्या खिशात असतात. नांगरट झाली, रोटर फिरला, सरी सोडून झाली की ट्रॅक्टरवाला बांधावरून एक चक्कर मारतो, मोबाइल पुढे करतो आणि त्यावरच्या आकड्यावर पैसे ठरतात. प्ले स्टोअरवर ‘एरिया मेजर’ किंवा ‘लँड कॅल्क्युलेटर’ असं शोधलं की पाचपन्नास ॲप दिसतात. नावं वेगळी असली तरी आतली यंत्रणा जवळपास एकच असल्यामुळे हे परीक्षण एका ॲपचं नाही, या सगळ्या जातीचं आहे.

निकाल आधीच सांगतो. एक एकराच्या वरचं, मोकळं, बऱ्यापैकी चौकोनी रान असेल आणि हिशेब मशागतीचा, बियाण्याचा किंवा खताचा असेल, तर ही ॲप कामाची आहेत. दहा गुंठ्यांची चिंचोळी पट्टी असेल, डोंगरउताराचं रान असेल किंवा बांधाचं भांडण असेल, तर नाहीत. पाचपैकी साडेतीन तारे. कापलेल्या दीड ताऱ्यापैकी अर्धाच उपग्रहाच्या खात्यावर जातो. उरलेला एक आकडा दाखवायच्या आणि वाचायच्या पद्धतीमुळे गेला.

सुरुवात त्या आकड्यापासूनच करू, कारण सगळ्यात जास्त पैसे तिथे जातात.

समजा सातबाऱ्यावर क्षेत्र ०.५४.०० आहे. म्हणजे शून्य हेक्टर, ५४ आर, शून्य चौरस मीटर. ॲपनं हे रान अगदी अचूक मोजलं तर पडद्यावर येईल १.३३ एकर. आता आपल्याकडे वहीत, चिठ्ठीवर, पावतीवर ‘१.२०’ असं लिहिलेलं असलं की त्याचा अर्थ एक एकर वीस गुंठे. तिथला ठिपका दशांशाचा नसतो, एकर आणि गुंठे वेगळे दाखवणारा असतो. सातबाऱ्यावरचे ठिपकेही तसलेच. ॲपवरचा ठिपका मात्र दशांशचिन्ह आहे. त्यामुळे १.३३ बघून माणूस सरळ ‘एक एकर तेहतीस’ म्हणून मोकळा होतो. खरं क्षेत्र एक एकर साडेतेरा गुंठ्यांच्या आत आहे. फरक वीस गुंठ्यांचा, म्हणजे अर्ध्या एकराचा. उपग्रहाचा यात काडीचाही दोष नाही.

रोटरचा दर एकरी २,००० रुपये धरला, तर या एका वाचनात जवळपास हजार रुपये इकडचे तिकडे होतात. खतातही हेच होतं. सुरू उसाला, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीच्या सुमाराला लावलेल्या उसाला, हेक्टरी २५० किलो नत्राची शिफारस आहे, म्हणजे एकरी १०० किलोच्या आसपास. युरियात नत्र ४६ टक्के, म्हणून एकरी साधारण २२० किलो युरिया, तोही एकदम नाही, हप्त्यांत विभागून. १.३३ एकराला २९३ किलो लागतो. एक एकर तेहतीस गुंठे धरून गेलात तर ४०० किलोच्या वर. जवळपास अडीच पोती जास्त. पोत्याचा हिशेब करतानाही एक ठेच आहे: युरियाचं पोतं २०१८ पासून ५० किलोऐवजी ४५ किलोचं झालं, डीएपीचं ५० चंच राहिलं. ‘एकरी चार पोती’ हा जुना हिशेब तोंडपाठ असलेला माणूस आज तेवढ्याच पोत्यांत २० किलो कमी युरिया टाकतो.

उपाय सोपा आहे. ठिपक्याच्या पुढच्या आकड्यांना ४० नं गुणायचं. १.३३ मधले ०.३३ गुणिले ४०, म्हणजे १३.२ गुंठे. पाव एकर १० गुंठे, अर्धा २०, पाऊण ३० हे पाठच असतं, ०.१ एकर म्हणजे ४ गुंठे एवढं त्यात घातलं की बाकी सगळं तोंडी जमतं. त्याहून बरं म्हणजे ॲपच्या सेटिंगमध्ये जाऊन एकक चौरस फूट करायचं आणि १,०८९ नं भागायचं. काही ॲपमध्ये गुंठा हे एकक दिलेलं असतं, पण ते वापरण्याआधी एकदा तपासून घ्या: तेच रान चौरस मीटरमध्ये बघा आणि १०१.१७ नं भागा. उत्तर जुळलं तर पुढे जा.

गुंठा आणि आर यांचाही असाच घोळ होतो, पण तो लहान आहे. गुंठा म्हणजे ३३ फूट गुणिले ३३ फूट, १,०८९ चौरस फूट. जुन्या मुंबई इलाख्याच्या मोजणीत ३३ फुटांची साखळी होती, तिच्या सोळा भागांना आणे म्हणत. त्या साखळीचा एक चौरस म्हणजे गुंठा. आर म्हणजे १० मीटर गुणिले १० मीटर, १,०७६ चौरस फूट. फरक सव्वा टक्क्याच्याही आत. गावच्या गप्पांत आर आणि गुंठा एकच धरले तर आभाळ कोसळत नाही. ४० आर म्हणजे साडेएकोणचाळीस गुंठे. खरेदीखताच्या वेळी मात्र धरू नयेत. एक हेक्टर म्हणजे दोन एकर १९ गुंठे, किंचित कमी. ‘अडीच एकर’ म्हणणाऱ्यानं एक गुंठा वरचा खाल्लेला असतो.

१९५६ च्या कायद्यानं मेट्रिक मापं आली, सातबारा हेक्टर-आरमध्ये गेला, तरी बांधावर गुंठा जिवंत आहे आणि त्यात गैर काही नाही. सगळीकडे हेच आहे. पीव्हीसी पाइप ६३ मिलिमीटरचा असतो आणि दुकानात ‘दोन इंची’ म्हणून मागितला जातो, ७५ चा अडीच इंची, ९० चा तीन इंची. मोटार एचपीत, मोबाइलचा पडदा इंचात. कोयनेचं पाणी टीएमसीत सांगितलं जातं, म्हणजे अब्ज घनफुटांत, आणि सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णा फुटांतच चढते: ४० फुटांना इशारा, ४५ ला धोका. सातारा जिल्ह्यात आल्याचा दर ‘गाडी’वर निघतो, ती गाडी ५०० किलोची, तासगाव भागात द्राक्षाची पेटी चार किलोची. व्यवहार करणाऱ्या दोघांच्या डोक्यात एकच माप असेल तोवर कोणतंही माप चालतं. ॲपमुळे झालंय ते असं की एकाच्या डोक्यात गुंठा असतो, पडद्यावर दशांशातला एकर असतो आणि दोघांनाही वाटतं की आपण एकच भाषा बोलतोय.

आता उपग्रहाचा भाग. या ॲपमध्ये मोजायच्या तीन रीती असतात आणि तिन्हींची चूक वेगळ्या जागी होते.

पहिली, चालत मोजणी. ‘स्टार्ट’ दाबायचं, बांधाच्या कडेनं चक्कर मारायची, ‘स्टॉप’ दाबायचं. ॲप दर सेकंदाला किंवा दर काही पावलांनी एक बिंदू टाकत जातं आणि शेवटी पहिला आणि शेवटचा बिंदू जोडून आतलं क्षेत्रफळ काढतं. दुसरी, कोपऱ्याची मोजणी. प्रत्येक कोपऱ्यावर उभं राहून बिंदू टाकायचा. तिसरी, घरबसल्या उपग्रहाच्या फोटोवर बोटानं कोपरे टिचकवायचे.

साध्या मोबाइलची जागा मोकळ्या आभाळाखाली साधारण पाच मीटरच्या आत बरोबर असते. पाच मीटर म्हणजे सोळा फूट. हे ऐकून कुणालाही वाटेल की मग मोजणी निरुपयोगीच. पण तसं होत नाही. सगळेच बिंदू एकाच दिशेला तीन मीटर सरकले तर रान नकाशावर शेजारच्याच्या उसात घुसलेलं दिसेल, पण क्षेत्रफळ तेवढंच राहील. आणि मोबाइलची चूक पाच-दहा मिनिटांत फारशी दिशा बदलत नाही, हळूहळू सरकते. म्हणून चक्कर एका दमात, न थांबता पूर्ण केली तर क्षेत्रफळ अपेक्षेपेक्षा बरंच चांगलं येतं. मध्ये विडी पेटवायला थांबलात, फोन घेतलात, शेजाऱ्याशी बोललात की दोन गोष्टी बिघडतात: त्या चुकीला दिशा बदलायला वेळ मिळतो, आणि उभ्या जागी बिंदू नाचत राहून रेघेला गुंता पडतो. कोपऱ्याच्या रीतीत बरोबर उलटं. तिथे प्रत्येक कोपऱ्यावर अर्धा मिनिट स्थिर उभं राहावं, ॲपवर मीटरमध्ये दिसणारा अचूकतेचा आकडा खाली येऊ द्यावा आणि मगच बिंदू टाकावा. एका रीतीत थांबणं वाईट, दुसरीत न थांबणं.

किती फरक पडतो हे रानाच्या आकारावर आहे, आणि ॲपच्या जाहिरातीत हे कुठेच सांगत नाहीत. हद्द चारी बाजूंनी सरासरी एक मीटर बाहेर गेली असं धरा. चौकोनी पाच एकराला चूक पावणेसहा गुंठ्यांची, म्हणजे तीन टक्क्यांच्या आत. एक एकराला अडीच गुंठे, सहा टक्क्यांच्या वर. दहा गुंठ्यांच्या चौकोनाला सव्वा गुंठा, १३ टक्के. आणि तेच दहा गुंठे १० मीटर रुंद, १०० मीटर लांब अशा पट्टीत असतील तर २२ टक्के. वाटण्या होऊन होऊन अशा पट्ट्याच उरलेल्या गावांत, विशेषतः नदीकाठच्या मळीत, ॲपवरून भांडणं का होतात याचं उत्तर या आकड्यांत आहे. पट्टीला टेप लावावी. लांबी एकदा, रुंदी तीन ठिकाणी, सरासरी काढून गुणाकार. दोन माणसं, काही मिनिटांचं काम.

ॲप मात्र उत्तर देताना लाजत नाही. १.३३४२ एकर. ठिपक्यापुढचा चौथा आकडा म्हणजे चार चौरस फूट. ज्या यंत्राला आपण बांधाच्या कोणत्या बाजूला उभे आहोत हे खात्रीनं कळत नाही त्यानं चार चौरस फूट सांगावेत, आणि आपण ते मान हलवून ऐकावेत, हा या सगळ्या प्रकारातला सगळ्यात मजेशीर भाग. एकराखालचं रान असेल तर अर्ध्या गुंठ्यापलीकडचं काहीही वाचू नये.

प्रत्यक्ष चालताना लक्षात ठेवायच्या गोष्टी. लोकेशनच्या परवानगीत ‘प्रिसाइज’ चालू असावं. ते बंद असेल तर मोबाइल मुद्दाम ढोबळ जागा देतो. बॅटरी सेव्हर बंद. ॲप उघडून दोन-तीन मिनिटं मोकळ्यावर उभं राहायचं, अचूकता चार-पाच मीटरवर आली की निघायचं. निघताना कोपऱ्यावरून निघू नका, सरळ बांधाच्या मध्यावरून निघा: पहिले बिंदू सगळ्यात कच्चे असतात आणि सरळ रेघेवर त्यांची झळ कमी लागते. शिवाय शेवटी चार पावलं कमी पडली तरी ॲप सरळ रेघेनंच जोडतं, काही बिघडत नाही. मोबाइल हातात, छातीपुढे, पडदा आभाळाकडे. खिशात ठेवला की एका बाजूचं अर्धं आभाळ अंगाआड जातं. चक्कर मारताना स्वतःचीच रेघ कापू नये. इंग्रजी आठच्या आकड्यासारखा फेरा झाला तर बहुतेक ॲपमधलं गणित एका फेऱ्याचं क्षेत्र दुसऱ्यातून वजा करतं, आणि दोन एकराचं रान वीस गुंठे दाखवतं. असला आकडा आला की नकाशावरची रेघ मोठी करून बघा, कुठेतरी गाठ सापडेल.

बांधाच्या नेमक्या कुठल्या रेघेवरून चालायचं हे आधी ठरवा. दोन फुटी बांधाच्या मध्यावरून चाललं की सगळीकडे एक फूट जास्त जातो. एका चौकोनी एकराला ८३५ फूट घेर असतो, म्हणजे पाऊण गुंठा जास्त. ट्रॅक्टरचं औत बांधावर चालत नाही, तेव्हा मशागतीच्या पैशांसाठी आतल्या कडेनं चालावं. ट्रॅक्टरवाला बहुतेक वेळा बांधावरूनच चालतो. तिथे पाय कोरडे राहतात हे एक कारण आहेच.

कधी मोजायचं हेही महत्त्वाचं. ढगांनी काही बिघडत नाही, ओल्या पानांनी बिघडतं. दहा-बारा फूट वाढलेल्या उसाच्या कडेनं, पावसानंतर, एका हाताला उसाची भिंत ठेवून चाललात तर आभाळ अर्धंच उरतं. ऊस तुटून गेल्यावर, खोडव्याची कामं सुरू व्हायच्या आधी मोजावं. द्राक्षबागेत मांडवाखालून चालू नये. लोखंडी अँगल आणि तारांवरून सिग्नल परावर्तित होतो आणि बिंदू दोन ओळी पलीकडे जाऊन बसतो. बागेच्या बाहेरच्या रस्त्यानं फिरून, रस्त्याची रुंदी टेपनं मोजून वजा करावी. नीलगिरी किंवा सुबाभळीच्या ओळीजवळ हाच त्रास. नेहमीच्या एल-१ सोबत उपग्रहाची एल-५ ही दुसरी वारंवारताही पकडणारा मोबाइल अशा जागी जास्त तग धरतो. तुमचा पकडतो की नाही हे ‘जीपीएसटेस्ट’ नावाच्या फुकट ॲपमध्ये दिसतं. उपग्रहांच्या यादीत एल-१ सोबत एल-५ दिसलं तर मोजणीला तो मोबाइल घ्या, मग तो घरातल्या कुणाचाही असो.

तिसऱ्या रीतीबद्दल, फोटोवर टिचकवण्याबद्दल, आमचं मत बहुतेकांपेक्षा बरं आहे. मोठ्या, स्पष्ट बांधाच्या रानाला हीच रीत सगळ्यात चांगली. फोटो जागेवरून दोन-चार मीटर सरकलेला असतो, पण वर सांगितल्याप्रमाणे त्यानं क्षेत्र बदलत नाही. पूर्ण मोठं करून, प्रत्येक वळणावर बिंदू टाकून, तेच रान दोनदा रेखाटावं. दोन्ही आकडे दोन टक्क्यांत जुळले तर सरासरी धरावी. यासाठी वेगळं ॲपही नको. गूगल अर्थमध्ये मोजपट्टी आहे, आणि संगणकावर गूगल मॅप्समध्ये उजवं बटण दाबून ‘अंतर मोजा’ घेतलं आणि रेघ पहिल्या बिंदूला आणून मिळवली की क्षेत्रफळही दिसतं. मोबाइलवरच्या मॅप्समध्ये मात्र अंतरच मिळतं. अडचण दोनच: फोटो जुना असू शकतो, मधल्या काळात बांध फोडलेला असला तर कळणार नाही, आणि कडेला आंब्याची-जांभळाची झाडं असतील तर बांध सावलीत जातो.

विहीर, घर, गोठा, मोटारीची खोली, ओढ्याचा भाग हे सगळं तिन्ही रीतींत क्षेत्रात धरलं जातं. सातबाऱ्यावर पोटखराब, म्हणजे लागवडीला न येणारा भाग, वेगळा दाखवलेला असतो, ॲपला पोटखराब माहीत नाही. त्या तुकड्याची वेगळी रेघ काढून वजा करावी. आकडा सातबाऱ्यापेक्षा जास्त आला म्हणून खूश होणाऱ्यांनी आधी विहिरीकडे बघावं.

ट्रॅक्टरवाल्यांकडे आणखी एक प्रकार असतो: औताची रुंदी भरायची, ॲप किंवा मीटर ट्रॅक्टर चाललेलं अंतर मोजतं आणि दोन्हींचा गुणाकार करतं. हा प्रकार आम्हाला पसंत नाही. सहा फुटी रोटर प्रत्येक फेरीला अर्धा फूट मागच्या फेरीवर चढतो, तो चढायलाच हवा, नाहीतर मध्ये पट्टा कोरा राहतो. म्हणजे नवीन जमीन साडेपाच फूटच निघते, पण हिशेब सहा फुटांचा. तिथेच नऊ टक्के जास्त झाले. त्यात औत उचलून घेतलेली वळणं मोजली गेली तर आणखी. हा प्रकार वापरायचाच असेल तर रुंदीच्या जागी सहा नाही, साडेपाच भरायला सांगा. ट्रॅक्टरवाल्याच्या बाजूनं एवढं म्हणता येईल की डिझेल चाललेल्या अंतरावर जळतं, क्षेत्रफळावर नाही. पण मग दर तासावर ठरवावा, एकरावर नको.

तुलनेसाठी टेप. फायबरची ५० मीटरची टेप अजून प्रत्येक हार्डवेअरच्या दुकानात मिळते आणि दहा गुंठ्यांच्या खाली तिला तोड नाही. तिच्या चुका ठरलेल्या आहेत. एका बाजूला फूट, दुसऱ्या बाजूला मीटर. मध्येच टेप उलटते आणि ३० मीटरच्या जागी ३० फूट लिहिले जातात. शून्य कुठून सुरू होतं, कडीच्या बाहेरून की पट्टीवरच्या खुणेपासून, हे टेपेगणिक वेगळं असतं. पण टेपेपेक्षा मोठी चूक तिच्यानंतरच्या गणितात आहे. समोरासमोरच्या बाजूंची सरासरी काढायची आणि दोन्ही सरासऱ्यांचा गुणाकार करायचा ही रीत घरोघरी चालते. रान काटकोनी असेल तरच ती बरोबर. बाकी प्रत्येक चौकोनाला ती जास्तच क्षेत्र देते, कधीच कमी नाही. उदाहरणार्थ, बाजू २००, ११०, २००, ११० फूट: रीतीप्रमाणे २२,००० चौरस फूट, म्हणजे २०.२ गुंठे. पण कोपरा ७० अंशाचा असेल, रान तिरकं असेल, तर खरं क्षेत्र १९ गुंठेच. सव्वा गुंठा हवेत. विकणाऱ्याच्या तोंडी ही रीत जास्त ऐकू येते, यात आश्चर्य नाही.

तिरकेपणा ओळखायला दोन्ही कर्ण मोजा. वरच्या बाजूंचं रान काटकोनी असेल तर दोन्ही कर्ण २२८ फूट येतात; ७० अंशाचा कोपरा असेल तर एक १९२, दुसरा २५९. कर्ण जुळले नाहीत तर एका कर्णानं रानाचे दोन त्रिकोण करा आणि प्रत्येकाचं क्षेत्र तीन बाजूंवरून काढा: तिन्हींची बेरीज करून निम्मी करा, त्या निम्म्यातून एकेक बाजू वजा करा, निम्मी आणि ती तीन उत्तरं यांचा गुणाकार करून वर्गमूळ घ्या. मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर दोन मिनिटांचं काम. मोबाइलचा शेतमोजणीतला सगळ्यात भरवशाचा उपयोग हा कॅल्क्युलेटरच, असं म्हटलं तर ॲपवाल्यांना राग येईल, पण म्हणायला हरकत नाही.

लेझरचं मापक घरासाठी, गोदामासाठी उत्तम. रानात उन्हात त्याचा लाल ठिपकाच दिसत नाही. कॅमेऱ्यानं मोजणारी ॲप कपाटापुरती.

उसाच्या रानाला एक फुकटची पडताळणी आहे. साडेचार फुटी सरी असेल तर एका एकरात ९,६८० फूट सरी बसते, पाच फुटीला ८,७१२. सऱ्या मोजा, सरासरी लांबी काढा, गुणाकार करा. ठिबकच्या नळीचं बिलही हेच सांगतं: पाच फुटी सरीला एकरी २,६५५ मीटरच्या आसपास लॅटरल लागते, साडेचार फुटीला २,९५० मीटर. नळी मीटरवर विकत घेतलेली असते आणि तिथे कुणी अंदाज केलेला नसतो. ॲपचा आकडा आणि नळीचा हिशेब दहा टक्क्यांहून जास्त फाटत असेल तर नळीचं ऐकावं.

ही पडताळणी उताऱ्याच्या, म्हणजे एकरी किती टन ऊस निघाला याच्या, बढायांनाही लावून बघण्यासारखी आहे. कारखान्याच्या काट्यावर वजन किलोपर्यंत मिळतं आणि एकरी उतारा सांगताना भागाकार मात्र ‘तो एकराचा तुकडा’ यानं होतो. ८० टन निघाले आणि तुकडा खरं तर ४४ गुंठ्यांचा असेल तर उतारा एकरी पावणेत्र्याहत्तर टनांच्याही आत आहे. गुंठ्याला दोन टन नव्हे, १.८.

सातबाऱ्याशी आणि हद्दीशी या ॲपचा संबंध लावू नये. महाभूनकाशावर गट नंबर टाकून नकाशा बघता येतो, आकार कळतो, शेजारी कोण ते कळतं. पण तो नकाशा फोटोवर ठेवून ‘बांध इथे पाहिजे’ म्हणणं चुकीचं आहे, कारण दोन्ही आपापल्या जागेवरून सरकलेले असतात. हद्दीसाठी भूमी अभिलेख कार्यालयाची मोजणीच लागते. तिथे आता रोव्हर वापरतात. ते यंत्रही उपग्रहावरच चालतं, पण जमिनीवरच्या स्थिर केंद्राकडून दुरुस्ती घेत असल्यामुळे काही सेंटिमीटरपर्यंत जातं. वादात चालतो तो त्या मोजणीचा नकाशा, ‘क’ प्रत. ॲपचा स्क्रीनशॉट नाही, कितीही रंगीत असला तरी.

बाकी गोष्टी थोडक्यात. फुकट आवृत्तीत जाहिराती येतात आणि नेमक्या ‘सेव्ह’ दाबताना येतात. पैसे भरून त्या घालवण्यात विशेष फायदा नाही, मोजणी तीच राहते. मोजलेली रानं नाव देऊन साठवता येतात हे मात्र खरंच उपयोगी: गट नंबर आणि पिकाचं नाव टाकून ठेवलं तर दर हंगामाला पुन्हा फिरावं लागत नाही, आणि दोन वर्षांचे आकडे शेजारी ठेवून चूक सापडते. रेंज नसलेल्या शिवारात नकाशा कोरा दिसला तरी मोजणी चालते, कारण जीपीएसला इंटरनेट लागत नाही. फक्त फोटो येत नाही. जायच्या आधी घरी नकाशा उघडून त्या भागावर मोठा करून ठेवला तर तोही बहुतेक वेळा टिकतो.

राहिला उतार. पाटण, जावळी, शिराळ्याच्या पश्चिमेकडच्या रानांत ॲप आणि टेप कधीच जुळणार नाहीत, आणि दोन्ही बरोबर असतात. ॲप वरून दिसणारं, सपाट धरलेलं क्षेत्र देतं; सरकारी मोजणीही तेच देते. टेप जमिनीला टेकवून धरली तर ती उताराची लांबी मोजते. १० अंशाच्या उताराला फरक दीड टक्का, सोडून द्यावा. २० अंशाला सहा टक्के, ३० अंशाला १३ टक्क्यांच्या वर. सातबाऱ्याशी ताडून बघायचं असेल तर ॲपचा आकडा घ्या किंवा टेप पायरी-पायरीनं आडवी ताणून मोजा. पण भांगलणाऱ्या बायका आणि औत चालतात ते उतारावरून, नकाशावरून नाही. तेव्हा मजुरी कोणत्या क्षेत्रावर द्यायची हे काम सुरू व्हायच्या आधी बोलून घ्यावं.